मेंढ्यांना कृत्रिम रेतन: कुणी स्वतः करून पाहिलंय का?

माणदेशी_खांडवा (१२ जून)

राम राम मंडळी.

आमचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा फिरता तळ, माण तालुक्यातला. मेंढ्या ११८, नर ४, घोडी १, कुत्री ३. दिवाळी झाली की खाली कराडच्या अंगाला उतरतो, पाऊस लागायच्या आत वर येतो. वडील आणि चुलते कायम वाड्यावर, मी निम्मा वाड्यावर निम्मा गावात.

दुखणं असं आहे. थोरला नर पाच वर्षं झाली तोच चालवतोय. चांगला होता म्हणून ठेवला. आता खांडात (कळपात) त्याच्या पोरी आहेत आणि पोरींच्या पोरीपण आहेत. गेल्या दोन सालांत कोकरं बारीक पडायला लागली. तीन महिन्यांचं कोकरू व्यापारी आधी नुसतं बघून उचलायचा, आता पाठीवर हात फिरवतो आणि पुढं जातो. शेजारच्या गावात एकाकडं माडग्याळ नर आहे, उंचापुरा, राघूच्या चोचीसारखं नाक. मालक लाखाच्या खाली बोलत नाही.

मग डोक्यात आलं, गाईला डॉक्टर मोटारसायकलवर कॅन घेऊन येतो, वीर्याची कांडी भरतो, चहा पिऊन जातो. मेंढीला का नको? गेल्या वर्षी एक जण आला होता (नाव लिहीत नाही). मेंढीमागं ३०० रुपये घेतले, २२ मेंढ्या भरल्या. १९ उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. तीन राहिल्या, त्यातलंही एक कोकरू आमच्याच नराचं आहे असं वडील रंगावरून सांगतात. तेव्हापासून विषय काढला की वडील बोलत नाहीत, नुसतं बघतात.

चूक कांडीत होती, माणसात होती का मेंढीत?

---

थोरला_एडका (१२ जून)

चूक तुझ्या डोक्यात होती. माज, म्हणजे मेंढी नराला तयार आहे का ते, ओळखायला वाड्यावर चार नर फुकट फिरतायत, त्यांना सोडून कॅन कशाला? दहिवडीला शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथं नराची चौकशी कर. नाहीतर दुसऱ्या वाड्याशी नर बदलून घे. आमच्या आज्यापासून हेच चालत आलंय.

---

निवृत्त_दवाखाना (१२ जून)

एडकेसाहेबांचं निम्मं बरोबर आहे, त्याच्याकडे नंतर येतो. आधी मूळ प्रश्न. मी ३१ वर्षं पशुसंवर्धन खात्यात काढली, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

गाईला कांडी भरताना डॉक्टरचा डावा हात कुठे असतो ते तुम्ही पाहिलंय. गुदद्वारातून आत हात घालून तो गर्भाशयाचं तोंड मुठीत धरतो आणि नळी त्यातून ओवतो. मेंढीच्या बाबतीत हात आत जातच नाही, म्हणजे सगळं काम आंधळेपणानं करायचं. त्यात तिच्या गर्भाशयमुखात चार ते सात कडी असतात आणि त्यांची भोकं एका रेषेत नसतात. पहिल्या कड्यातून नळी सरळ सारली की ती दुसऱ्या कड्याच्या भिंतीवर आदळते. जोर केला तर रक्त येतं आणि ती पाळी गेली म्हणून समजा. मेंढीत कृत्रिम रेतन रखडलं ते प्रामुख्यानं ह्या वाकड्या नळीमुळे.

आता कांडीचं. उणे १९६ अंशांवर गोठवलेलं वीर्य वितळवलं की बरेच शुक्राणू मेलेले असतात आणि उरलेल्यांचं आयुष्य कमी असतं. दाराशी सोडलेले असे शुक्राणू कडी ओलांडून वर पोचेपर्यंत थकतात. म्हणून गोठवलेलं वीर्य गर्भाशयमुखाशी सोडलं तर बहुतेक जातींत शंभरातल्या १०-३० मेंढ्या गाभण राहतात. तुमच्या २२ पैकी ३ त्यात बसतात. तुमच्याकडे आलेला माणूस लबाडच होता असं मी म्हणणार नाही. गाईची पद्धत मेंढीला लावली आणि निकाल काय लागेल ते आधी सांगितलं नाही. ह्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र त्याला बोल लावायला हवा.

ताजं वीर्य वापरलं तर चित्र बदलतं. त्याच दिवशी काढलेलं, पातळ करून थंड ठेवलेलं वीर्य जमलेल्या हाताने भरलं तर निम्म्याच्या आसपास मेंढ्या राहतात, चांगल्या खांडात जास्तही.

---

पुणेरी_कुतूहल (१३ जून)

माझा शेळ्या-मेंढ्यांशी संबंध ताटापुरताच. तरी विचारतो. शेळीला कांड्या भरतात असं ऐकून आहे, मग मेंढीचंच का अडतं? दोन्ही सारखीच की.

---

लोणंदची_ताई (१३ जून)

बाहेरून सारखीच दिसतात हो, आतून नाही. शेळीचं गर्भाशयमुख जरा सरळ असतं, सवयीच्या माणसाची नळी बऱ्याच शेळ्यांत दोन-तीन कडी आत जाते. त्यामुळे गोठवलेल्या कांडीवरही शेळ्या बऱ्यापैकी राहतात. माझ्या उस्मानाबादी शेळ्यांना मी भरून घेते. मेंढ्यांना नरच ठेवलाय, त्याचं कारण सवडीने लिहिते, आता दुधाची वेळ झाली.

---

डब्बोकर (१३ जून)

मूळचा जतचा, सध्या ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये डब्बोजवळ मेंढ्यांच्या फार्मवर नोकरी. इथे गोठवलेलं वीर्य सर्रास वापरतात, पण दुर्बिणीने. ते कसं चालतं ते लिहितो, वाचायला गंमत वाटेल.

मेंढीला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायचं. पोट भरलेलं असलं तर आतलं काही दिसत नाही, शिवाय उलटी टांगल्यावर पोटातलं घशात येऊन गुदमरायची भीती. मग तिला एका लोखंडी पाळण्यात उताणी बांधतात, पाळणा तिरका करतात, डोकं खाली, मागचे पाय वर. कासेच्या पुढची लोकर कातरून, धुऊन, आयोडीन लावून, भूल देऊन दोन बारीक छिद्रं पाडतात. एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून सुईची नळी. पोटात थोडा वायू सोडला की आतडी बाजूला सरकतात आणि गर्भाशयाची दोन शिंगं समोर दिसतात, गुलाबी, आतल्या बाजूला वळलेली. दोन्हीत अर्धा अर्धा डोस टोचायचा, संपलं. हात बसलेला माणूस दोन-तीन मिनिटांत एक मेंढी मोकळी करतो. मी पाळणे ओढायच्या कामाला असतो, संध्याकाळी खांदे उचलत नाहीत.

वीर्य थेट गर्भाशयात गेल्यामुळे ६०-७० टक्के मेंढ्या राहतात आणि शुक्राणूही फार थोडे लागतात. पण लक्षात घ्या, हा खर्च इथेही फक्त पैदाशीच्या कळपांवर करतात, जिथून पुढे नर विकायचे असतात. मांस-लोकरीच्या साध्या कळपांत इथेही नरच सोडतात.

---

थोरला_एडका (१३ जून)

बघा! ऑस्ट्रेलियावालापण नरच सोडतो.

---

निवृत्त_दवाखाना (१४ जून)

सोडतो, पण कुठला नर सोडतो हे महत्त्वाचं. साध्या कळपातला नर त्या पैदाशीच्या कळपातून आलेला असतो. वर थोड्या मेंढ्यांवर खर्च करून निवडलेलं रक्त तयार करायचं आणि खाली ते नरांच्या पायांनी पोचवायचं, अशी ती उतरंड आहे. आपल्याकडे खालचा भाग आहे, वरचा फारसा नाही.

फ्रान्समध्ये रोकफोर चीजसाठी ज्यांचं दूध लागतं त्या लाकोन मेंढ्यांत ताज्या वीर्यावर मोठं काम उभं आहे. सकाळी केंद्रावर वीर्य काढायचं आणि त्याच दिवशी फार्मवर भरायचं. नॉर्वेत तर मेंढपाळ स्वतः गोठवलेलं वीर्य नुसतं योनीत सोडतात आणि तरी निम्म्याहून अधिक मेंढ्या राहतात. तिथल्या मेंढीची जात वेगळी आहे. ते वाचून दख्खनीला तसं करायला जाल तर पुन्हा २२ पैकी ३.

एका नराच्या एका उडीत साधारण १ मिली वीर्य निघतं आणि त्या एका मिलीत ३०० ते ४०० कोटी शुक्राणू असतात. ताजं वीर्य गर्भाशयमुखाशी भरायला एका मेंढीला १०-२० कोटी पुरतात. म्हणजे नराच्या एका उडीत निदान १५-२० मेंढ्या होतात. शेजारच्या माडग्याळ नराचा मालक नर विकणार नाही, पण एक सकाळ देईल का, हे विचारून बघा.

---

माणदेशी_खांडवा (१४ जून)

डॉक्टर, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. विचारतो.

---

लोणंदची_ताई (१५ जून)

सवड मिळाली. माझा अनुभव थोडा वेगळ्या वाटेचा आहे.

फलटणच्या निंबकर संस्थेने तयार केलेल्या सुवर्णा मेंढ्यांबद्दल इथल्या बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. आपली दख्खनी मेंढी बहुतेक एकच कोकरू देते. सुंदरबनातली गरोळ मेंढी, मांजरापेक्षा जरा मोठी म्हणा, १०-१५ किलोची, ती मात्र जुळी-तिळी देते. त्याला कारण असलेलं जनुक संस्थेने पिढ्या करत करत दख्खनीत आणलं. अंग दख्खनीचं आणि वेत जुळ्यांचं.

मी त्या रक्ताचा एक नर आणला. त्याच्या पोरी आता माझ्याकडे १४ आहेत, निम्म्याहून जास्त वेतांत जुळी. ऐकायला छान वाटतं. आता रात्री दोन वाजताचं सांगते. पहिलं कोकरू पडलं, मेंढीने चाटलं, ते उठून आचळाला लागलं. दुसरं दहा मिनिटांनी पडलं तोवर आईचं सगळं ध्यान पहिल्यावर. दुसरं ओलंच बाजूला कुडकुडतंय. त्याला गोणपाटाने पुसायचं, आईच्या नाकासमोर धरायचं, ती ढुशी मारते, पुन्हा धरायचं. मेंढी खांबाला बांधून त्याला पहिलं चिकाचं दूध पाजायचं. असं दोन दिवस केलं की मग ती त्याला आपलं म्हणते. जुळ्यातलं कोकरू एकट्यापेक्षा लहान असतं. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात मेंढीला भरड दिली नाही तर दोन्ही मरतुकडी जन्मतात. गेल्या वर्षी एकीला तिळं झालं, दोन गेली.

माझ्या मेंढ्या अर्धबंदिस्त आहेत म्हणून मला हे जमतं. वाडा रोज हलत असेल तर घरातल्या बाईला विचारल्याशिवाय जुळ्यांच्या नादी लागू नका. गोणपाट घेऊन तीच उठणार आहे.

---

डब्बोकर (१५ जून)

ताई, ह्या गरोळची एक शेपटी इथे ऑस्ट्रेलियात आहे. १७९० च्या दशकात कलकत्त्याहून जहाजाने बंगालच्या मेंढ्या इकडे आल्या होत्या. पुढे कूमाजवळच्या बूरूला नावाच्या फार्मवर भरपूर कोकरं देणाऱ्या मेरिनो निघाल्या आणि त्या जगभर गाजल्या. २००१ मध्ये त्यांच्यातलं जनुक नेमकं सापडलं आणि गरोळमध्येही तेच निघालं. म्हणजे जी वस्तू आपल्याच देशातून गेली तिला नाव इथल्या फार्मचं मिळालं.

---

निवृत्त_दवाखाना (१५ जून)

ताईंचा प्रतिसाद छापून दवाखान्यात लावावा असा आहे.

त्यात एक तांत्रिक भर. वजन, वाढ, दूध ह्या गोष्टी शेकडो जनुकांवर आणि त्याहून जास्त चाऱ्यावर ठरतात, तिथे सुधारणा मुंगीच्या पावलांनी होते. जुळ्यांचं हे जनुक एकटं आहे आणि रक्ताच्या थोड्या नमुन्यावर कळतं. नराकडे त्याच्या दोन्ही प्रती असतील तर त्याच्या प्रत्येक पोरीत एक प्रत येतेच. एकच प्रत असेल तर निम्म्या पोरींत. नर घेताना हा प्रश्न विचारायचाच. एक प्रत असलेली मेंढी सरासरीने दर वेताला अर्ध्या कोकराच्या आसपास जास्त देते. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने हेच जनुक मालपुरा आणि पाटणवाडी ह्या जातींच्या रक्तात घालून अविशान नावाची मेंढी तयार केली.

---

वाळवंटी_पशुवैद्य (१७ जून)

धागा उशिरा दिसला. मी पशुवैद्य, घर सोलापूरचं, अविकानगरला मेंढीच्या रेतनाचं प्रशिक्षण घेतलंय. खांडवासाहेब करणार असतील तर कामाचं सांगतो.

मेंढीचा माज १७ दिवसांनी येतो आणि दीडेक दिवसात जातो. ११८ मेंढ्या वेगवेगळ्या दिवशी माजावर येणार, रोज कोण वीर्य आणून देणार? म्हणून त्यांना एका वेळी माजावर आणायचं. त्यासाठी योनीत औषधी स्पंज ठेवतात. अविकानगरने स्वतःचा बनवलाय, अविकेसिल-एस. १२ दिवस आत, बाहेर दोरा लोंबता. काढताना असा वास येतो की पहिल्या दिवशी मी जेवलो नव्हतो. वास आला म्हणजे मेंढी आजारी नाही, तो येतोच. स्पंज काढताना एक इंजेक्शन, ते गाभण घोडीच्या रक्तातून काढलेलं संप्रेरक असतं. त्याचा डोस डॉक्टरनेच ठरवायचा, जास्त दिलं तर तिळी-चौळी होतात. ही औषधं गर्भवती बाईने हाताळू नयेत आणि बाकीच्यांनी हातमोजे घालावेत.

दीड-दोन दिवसांत मेंढ्या माजावर येतात. पोटाखाली फडकं बांधलेला नर फिरवला की कोण उभी राहते ते कळतं. स्पंज काढल्यापासून ४८ ते ५६ तासांच्या दरम्यान भरायचं.

वीर्य काढायच्या रबरी नळीत गरम पाणी भरतात, आतलं तापमान ४२-४५ अंश. गार असली तर नर उडी मारून नुसताच उतरतो. वीर्य साईसारखं दाट, पिवळसर पांढरं हवं. भिंगाखाली एक थेंब ठेवला की वाऱ्यावर शेत हलावं तशा लाटा दिसल्या पाहिजेत. लाटा नसतील तर तो दिवस सोडून द्या. पातळ करायला साय काढलेलं दूध चालतं, मात्र ते आधी ९२-९५ अंशांवर १० मिनिटं तापवून थंड केलेलं हवं, कच्च्या दुधातला एक घटक शुक्राणूंना मारतो. मग थर्मासमध्ये १५ अंशांच्या आसपास ठेवायचं आणि सकाळचं वीर्य दुपारच्या आत संपवायचं.

भरताना एकाने मेंढीचे मागचे पाय उचलून आडव्या बांबूवर टेकवायचे. आत चोच (योनी उघडी धरायचं साधन) घालून बॅटरीच्या उजेडात गर्भाशयमुख शोधायचं. ते कधी मध्यावर नसतं, कधी खाली, कधी डाव्या बाजूला, एखाद्या फुलाच्या मिटलेल्या पाकळ्यांसारखं. नळी जेवढी सहज जाईल तेवढीच घालायची. ओढाताण झालेली, पळवलेली, कुत्र्याने भ्यालेली मेंढी राहत नाही.

आणि नराची ब्रुसेला ह्या लागट रोगाची तपासणी आधी. नैसर्गिक जोडणीत एक रोगी नर एका वाड्याचं नुकसान करतो, वीर्य वाटलं तर दहा वाड्यांचं करेल.

---

थोरला_एडका (१७ जून)

एवढं सगळं करून पैदा झालेलं कोकरू चांगलं निघालं हे कोण ठरवणार? नाक वाकडं आणि पाय लांब म्हणजे चांगलं, एवढ्यावर लोक लाख मोजतायत.

---

निवृत्त_दवाखाना (१८ जून)

नेमकं बोललात. ह्या धाग्यातला सगळ्यात महागडा प्रश्न हाच आहे आणि त्याचं साधन सगळ्यात स्वस्त: ताणकाटा, कानात बिल्ला आणि शंभर पानी वही. जन्माची तारीख, आई कोण, एकटं का जुळं, तीन महिन्यांचं वजन. जुळ्यातलं १४ किलोचं कोकरू एकट्या १६ किलोच्यापेक्षा चांगलं असू शकतं, वही नसेल तर व्यापारी ते आधी नेतो. आपल्याकडे होतं काय, सगळ्यात लवकर वाढलेला नर आधी विकला जातो आणि मागे राहिलेला खांडात बाप होतो. निवड रोज चालू आहे, फक्त उलटी.

वहीशिवाय रेतन करणार असाल तर मीही एडकेसाहेबांच्या बाजूचा.

---

पुणेरी_कुतूहल (१८ जून)

ताटापुरता संबंध होता, आता वही घ्यावीशी वाटतेय.

---

माणदेशी_खांडवा (२१ डिसेंबर)

मंडळी, लई दिवसांनी येतोय. वाडा कराडच्या खाली उसाच्या रानात बसवलाय, रेंज बांधावर येते.

केलं. वर लिहिलेल्या डॉक्टरांनी ओळखीतले एक पशुवैद्य गाठून दिले. माडग्याळवाला मालक नर द्यायला तयार नव्हता, पण त्याच्या दारात वीर्य काढायला तयार झाला, ब्रुसेलाची तपासणी आपल्या खर्चाने करून घेतो म्हटल्यावर. १८ मेंढ्यांना स्पंज ठेवला. एकीचा कुठं पडला कळलं नाही. १७ पैकी १४ माजावर आल्या, तेवढ्याच भरल्या. १२ जुलैला सकाळी नर दोनदा उडाला, एकदा नळीकडं आणि एकदा डॉक्टरांच्या मांडीकडं. थर्मास मांडीत धरून मी मागं बसलो, ४० मिनिटं मोटारसायकल, खड्डा आला की काळीज वर.

पंधरवडाभर आमचे नर लांब ठेवले, मग सोडले, म्हणजे कोकरं कुणाची ते तारखेवरून कळावं. ६ ते १० डिसेंबर ह्या पाच दिवसांत ८ मेंढ्या व्यायल्या. बाकीच्या सहा उलटून आमच्या नराला राहिल्या.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. एका दिवशी भरल्या म्हणजे एकदमच विणार. त्यात वाटेवर. घोडीच्या पाठीवरल्या जाळीत चार कोकरं बसतात, आमच्याकडं पाच दिवसांत नऊ झाली (एकीला जुळं). दोन दिवस वाडा हलवता आला नाही, रानमालकाला विनवण्या केल्या. आई आणि चुलती गोणपाट घेऊन रात्रभर. ताई, तुमची आठवण काढली त्यांनी, चांगल्या शब्दांत नाही. जुळ्यातलं एक तिसऱ्या दिवशी गेलं.

आठ आहेत. पाच नर, तीन माद्या. बिल्ले लावलेत, ताणकाटा घेतलाय. जन्माची वजनं आमच्या नेहमीच्या कोकरांपेक्षा जास्त वाटतात, पण डॉक्टर म्हणतात तीन महिने तोंड बंद ठेव.

वडिलांनी अजून काही म्हटलं नाही. काल मात्र वही मागून घेतली आणि ७ नंबरच्या कोकराची आई कोण ते बघितलं.

---

लोणंदची_ताई (२१ डिसेंबर)

आईला आणि चुलतीला नमस्कार सांगा. पुढच्या वेळी निम्म्या निम्म्या भरा, मध्ये पंधरा दिवसांचं अंतर ठेवून.

---

वाळवंटी_पशुवैद्य (२२ डिसेंबर)

१४ पैकी ८ म्हणजे पहिल्या खेपेला उत्तम. ज्या सहा उलटल्या त्यांची वयं आणि मागच्या वेताची तारीख वहीत असेल तर कळवा.

---

थोरला_एडका (२२ डिसेंबर)

ते ७ नंबरचं नर आहे का मादी? नर असेल तर व्यापाऱ्याला दाखवू नकोस. मार्चमध्ये मी स्वतः येतो, काटा घेऊन.

---